पाळण्याच्या नटावरची लाल रेघ

प्रिय अण्णा,

म्हणजे अजून तुमचं तेच. पोरगं चाकणला जाऊन चार पाने फिरवायला काय लागलं, बापालाच नट आवळायला शिकवायला लागलं! एवढं बोललात आणि फोन कापलात. म्हणून कागदावर लिहितोय, कागद मधेच कापता येत नाही. पिंके, तू वाचून दाखवशील तेव्हा एक अक्षर गाळू नकोस.

अण्णा, तुम्हाला येत नाही असं मी कधी म्हणालो? मला चालता येत नव्हतं तेव्हापासून तुम्ही जत्रेजत्रेत आपला पाळणा उभा करताय. पण बावीस एमएमच्या नटासाठी पान्याच्या टोकाला चोवीसची गोटी लावायची आणि मधे पत्र्याचा तुकडा कोंबायचा, ही काय रीत झाली? गोटी नटावर टोपीसारखी बसली पाहिजे, हलता कामा नये. हलली की नटाचे कोपरे खाते. मग तोच गोल झालेला नट तुम्ही पान्याला पाइप घालून आवळणार, पाना निसटणार, आणि बोटं सोलणार. आई हळद लावायची आणि तुम्ही नटाच्या सात पिढ्या काढायचा. त्या बिचाऱ्याची काय चूक?

मी इथं टिकेन असं तुम्हाला वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं. भोसरीतली वर्कशॉपं सोडली, टेम्पोवर गेलो, माण गावात लिफ्ट बसवणाऱ्यांकडे हेल्पर राहिलो, तिथनंही पळालो. या कंपनीत आल्या आल्या मी तुमच्यासारखाच पान्यावर लटकलो आणि बोल्ट मोडला. लाइनवरचे मारुतराव म्हणाले, भावा, कुस्ती खेळायला आलायस का? मग त्यांनीच शिकवलं. नट आधी हातानं दोन-तीन आटे फिरवायचा, वाकडा बसला तर तिथंच कळतं. गोटी सरळ, तळापर्यंत बसवायची. पाना आपल्याकडं ओढायचा, ढकलायचा नाही, म्हणजे निसटला तरी बोटं वाचतात. एक नट आवळला की त्याच्या समोरचा घ्यायचा, शेजारचा नाही. शेवटी जोर मोजणाऱ्या मापाच्या पान्यानं आवळायचं, कट् असा आवाज आला की थांबायचं. आणि मग नटावरून खालच्या पत्र्यावर एक रंगाची रेघ ओढायची. नट सरकला की रेघ तुटलेली दिसते.

दिवाळीला मी तेच केलं. पिंकीची लाल नेलपॉलिश घेतली आणि पाळण्याच्या नटानटावर रेघ ओढली. तर तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात, आमच्या भैरूनं पाळण्याची नवरी केली! आईसुद्धा पदराआड हसली. मी रागानं जेवलो नाही, दुसऱ्या दिवशी पहिली एस्टी धरली. खरं सांगतो, पुन्हा पाळण्याला हात लावणार नाही असं ठरवलं होतं.

आणि काल पिंकीचा फोन. मी कंपनीच्या बसमध्ये, बस मोशीच्या सिग्नलला अडकलेली. ती म्हणाली, दादा, तुला घरात कुणी सांगणार नाही, मी सांगते. जत्रेच्या सकाळी पाळणा पुसताना तिला मधल्या तुंब्यापाशी, जिथं सगळे दांडे जुळतात तिथं, एक रेघ तुटलेली दिसली. अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर, मधे बोटभर अंतर. तुम्ही म्हणालात, दवानं पुसली असेल. खाली पोरांची रांग, तुम्ही इंजिनला दोरी गुंडाळलेली. तर ही आपली पोरगी सगळ्यात खालच्या पाळण्यात जाऊन बसली. म्हणाली, अण्णा, आधी तो नट बघा, नाहीतर पहिला फेरा मला घेऊन फिरवा. तुम्ही चिडून वर चढलात, आणि नट बोटानं फिरला. आतले आटेच गेलेले. अण्णा, त्या दांड्याला दोन पाळणे लटकतात, एकेकात चार-चार पोरं बसतात.

मी बसमध्येच ओरडलो, पुढं काय झालं? मग तिनं सांगितलं की तुम्ही तिकिटाचे पैसे परत दिलेत, अख्खा पाळणा खाली उतरवलात, जत्रेचा एक दिवस बुडाला आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हा मी मोठ्यानं हसायला लागलो. शेजारचा म्हणाला, राव, लॉटरी लागली काय? म्हटलं, त्याहून मोठी.

आणि मला फोनवर तुम्ही काय सांगितलंत? यंदा धंदा मंदा होता. बरं, मीही काही विचारत नाही. पण पिंकीनं पुढचंही सांगितलंय. आता कासाराच्या दुकानातनं लाल बाटली तुम्ही स्वतः आणता आणि चष्मा लावून नटानटावर रेघ ओढत बसता. आणि तिला म्हणालात, भैरूला सहज विचार, गोटी कुठली घ्यायची, मी विचारलं म्हणू नको. म्हणून हे पत्र. गोटी सहा धारांची घ्या, बारा धारांची नको. सहा धारांची नटाच्या अंगाला धरते, कोपऱ्याला नाही. बावीसची एक, चोवीसची एक, गोट्या फिरवायचा दांडा अर्ध्या इंचाचा. बाजारातला गोट्यांचा चकचकीत मोठा डबा घेऊ नका. तुंब्याचे नट-बोल्ट सगळे नवे टाका, जुना एकही ठेवू नका. आणि पिंकीला तिच्या आवडीच्या रंगाची एक बाटली, फक्त नखांसाठी. या सगळ्याला मिळून साडेचार हजार पाठवतोय.

तुमच्याच हाताचा,
भैरू