चौघांतला शेवटचा

हँबुर्ग, ४ मार्च २०२४

चि. विब्के हिस अनेक आशीर्वाद.

आधी एक गंभीर तक्रार. तू पत्राला टाचणी लावतेस आणि ती दर वेळी माझ्या अंगठ्यात घुसते. संस्कृतच्या मास्तराने रक्तदान करावं असं कुठल्याही सूत्रात सांगितलेलं नाही.

आता तुझा संताप. आपल्या आजोबांच्या १९३२ सालच्या बोलपटातले संवाद पुसून त्या गाद्यांच्या कंपनीने जाहिरातीसाठी नायिकेच्या तोंडी गाद्यांची स्तुती घातली, हे पाहून मीही कप आपटला. पण कायदा असा की दिग्दर्शक, पटकथाकार, संवादलेखक आणि संगीतकार या चौघांत जो शेवटी जातो, त्याच्यामागे सत्तर वर्षं चित्रपटाचा स्वामित्वहक्क टिकतो. तिघे युद्धात गेले. संवाद लिहिणारे आजोबा १९३८ मध्ये पळाले ते बेपत्ताच. आजीला दुसरं लग्न करायचं होतं. तिच्या अर्जावरून कोर्टाने नंतर त्यांचा मृत्यू ८ मे १९४५ रोजी, युद्ध संपलं त्या दिवशी झाला असं ठरवलं. म्हणजे हक्क २०१५ अखेर संपला. कंपनीचा वकील उद्धट आहे, पण त्याचं गणित बरोबर आहे.

लोभ असावा, टाचणीविना.
तुझा हेनिंग

ल्यूबेक, १९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं गणित घाल चुलीत! तेव्हा पळालेले बरेच ज्यू समुद्रापार मोंटेव्हिडिओला गेले, म्हणून मी तिथल्या ज्यू दफनभूमीला लिहिलं होतं. उत्तर जोडलंय, हो, टाचणीनेच. आपले आजोबा, रूबेन आहरेंड्ट, जन्म हँबुर्गच्या आल्टोनात, मृत्यू मे १९६२! म्हणजे हक्क २०३२ पर्यंत आहे. तो वकील मला हसून म्हणाला होता की मेलेली माणसं तक्रार करत नाहीत. नाझींनी आजोबांना हाकललं, कोर्टाने मारलं, आता हे त्यांची वाक्यंही पुसणार? आणि तू बोटं मोजत बस! आजच्या आज दावा लाव.

रागावलेली, तरी तुझीच
विब्के

हँबुर्ग, २६ मार्च

चि. विब्के हिस आशीर्वाद.

वकिलाला फोनवर जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. दाव्याचा कागदही तयार आहे. पण हक्क आईचा आहे, सही तिचीच लागेल. आणि तू त्या उत्तराची मागची बाजू वाचली नाहीस. तिथे नोंद आहे: पत्नीला लेखी कळवलं, पोच मिळाली, जून १९६२. खाली त्या पोचेची छायाप्रत आहे, तिच्यावर आजीची सही.

काल मी आजीचा फोटो भिंतीवरून उतरवला. इतका राग मला त्या गादीवाल्यांचाही आला नव्हता.

आई अठ्ठ्याऐंशीची आहे. वडील युद्धात गेले असं समजून ती जन्मभर जगली. सही करण्याआधी ती विचारील, की जिवंत होते तर मला एक पत्र का नाही लिहिलं? त्यांनी लिहिलंच नाही, की आजीने जाळलं, मला ठाऊक नाही. कागद तीन दिवस बॅगेत घेऊन फिरतोय. आईसमोर जाऊन बसायची मला भीती वाटते.

तू ये. बरोबर जाऊ.
हेनिंग