पिल्लांमागचा दोरा

३ मार्च
स्वतःच्या हातांनी बनवलेल्या वस्तू: चार कप्प्यांचा लोखंडी स्टँड (डावा पाय तीन मिलिमीटर आखूड, पुठ्ठा लावलाय). हवेच्या नळ्या, सोळा. जुन्या घड्याळातून ट्यूबलाइटचा टायमर. कॅमेऱ्याच्या भिंगातून सूक्ष्मदर्शक. कोर्स शून्य, गुरू शून्य.
संकल्प: मेहुण्याच्या हॅचरीत कोळंबीची पिल्लं माझ्याच शेवाळावर वाढतील. चाचणी २० तारखेला. पास झालं की वर्षाचं कंत्राट. पंपाच्या दुकानातली नोकरी कालच सोडली. हिला सांगायचंय. योग्य वेळ बघतोय.

५ मार्च
मेहुण्याने बियाण्याची बाटली पाठवली. शेवाळ म्हणे, आणि रंग काढ्यासारखा तपकिरी! शिळं आहे, उघड आहे. शेवाळ हिरवं असतं हे शेंबडं पोरही सांगेल. फोन केला. म्हणे, भाऊजी, हे तपकिरीच असतं, पिल्लांना हेच लागतं. अकरा वर्षं हॅचरीत काढून हे ज्ञान! वाद घातला नाही.

सायं. ६.१०
अर्धं कॅनमध्ये घेतलं. वाण सुधारावं म्हणून गच्चीवरच्या पिंपातलं हिरवं पाणी दोन तांबे घातलं. उरलेलं मोरीत ओतणार, तर ही आडवी आली. माझ्या भावाने दिलंय, म्हणे. काचेच्या बरणीत घालून खिडकीत ठेवलं. माहेरची माया.

९ मार्च
हिरवी झाक! ही बरणी सारखी हलवत असते. एक नळी मागितली. म्हणे, गुदमरेल बिचारं. दिली. खारं पाणी आणि खतही माझंच वापरते.

१४ मार्च
कॅन पोपटासारखा हिरवागार. हिच्या बरणीच्या पाच बरण्या झाल्या, पण सगळ्या तपकिरी. कीव आली.
योग्य वेळ साधून नोकरीचं सांगितलं. म्हणाली, माहीत आहे, तीन तारखेलाच दुकानाचे मालक तुमचा विसरलेला चष्मा घरी देऊन गेले. रोज डबा घेऊन जाता कुठे, तेवढं सांगा. बागेत, टिपणं काढायला, असं सांगितलं. मग बरण्या हलवायला निघून गेली. फार मनाला लागलं असावं, माझं कष्टाळूपण.

२० मार्च
चाचणी. दोन टब, प्रत्येकी पाचशे पिल्लं. एकात माझं शेवाळ, दुसऱ्यात मेहुण्याने हिच्या बरण्या ओतल्या. चेष्टेने असणार.
पोट भरलेल्या पिल्लामागे शीचा लांब दोरा लोंबतो. हॅचरीवाले तोच बघतात. असला धंदा. संध्याकाळी भिंग लावलं. हिच्या टबात प्रत्येकामागे पतंगाच्या शेपटासारखा दोरा. माझ्या टबात एकाच्याही मागे नाही. नोंद केली: माझी पिल्लं स्वच्छ.
मेहुणा म्हणे, भाऊजी, स्वच्छ नाहीत हो, उपाशी आहेत.

२१ मार्च
माझ्या टबात कमालीची शांतता. सगळी तळाशी, ध्यान लावून.
ध्यान नाही, भाऊजी, मेलीत.
पाचशेच्या पाचशे. दुपारी जेवलो नाही. हिने ताट झाकून ठेवलं.

२२ मार्च
मेहुणा घरी आला. कंत्राट नाही. शेवाळाची खोली सांभाळायला माणूस हवाय म्हणाला, आणि विचारलं हिला. महिना बावीस हजार. हिने आधी विचारलं, यांचं काय? मग हो म्हणाली. सोमवारपासून जाणार. माझा स्टँडही नेणार, पुठ्ठ्यासकट.
मलाही जागा देऊ केली. तत्त्वाचा प्रश्न होता, ताडकन नाकारली: बरण्या धुणारा, हिच्या हाताखाली, दुपारचा डबा हिच्याकडून, महिना साडेसात हजार.