कारखान्यामागची विहीर

मी, दौलत नत्थूजी गजभिये, बॅरिस्टर, वय वर्षे ८५, राहणार नागपूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहवून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात थरथरतो, त्यामुळे मजकूर सांगून टाइप करविला आहे.

१. राहते घर मुलगी मेघा हिला. बँकेतील ठेवी मुलगा अश्विन याला. घरासाठी त्याने भांडू नये. गेली नऊ वर्षे मला ती भरवते आहे.

२. कायद्याची पुस्तके वकील संघाच्या वाचनालयाला. विलायतेचा काळा झगा मेघाने हवा तर गोधडीत घालावा.

३. कामठीजवळील कारखान्याची तीन एकर जमीन. याविषयी थोडे सांगणे भाग आहे.

माझे वडील तिथल्याच वस्तीत माग चालवत. विलायतेहून परतल्यावर मी तिथे सूत रंगवण्याचा कारखाना काढला, शंभर घरांना काम दिले. वस्तीचे खटले लढलो, त्यांच्याच मतांवर नगरपालिकेत गेलो, पाणीपुरवठा समितीचा सभापती झालो. २००३ साली कारखान्यामागच्या विहिरीच्या पाण्याला रंग येऊ लागला. वस्तीतल्या तुळसाबाई मेश्राम बाटलीत ते पाणी घेऊन माझ्या ऑफिसात आल्या. नमुना, तपासणी, अहवाल असे मी बरेच बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "साहेब, आमची केस आजवर तुम्हीच लढले. आता मी कोणाले वकील लावू?"

तरी मी कारखाना आणखी सात महिने चालवला. ते सात महिने माझे एकट्याचे आहेत.

मग बंद केला. शंभर घरांचे काम गेले आणि पाणी सुधारले नाही. गाळ उपसला, माती बदलली, तज्ज्ञ आणले. आजही ते पिण्याजोगे नाही. जमीन वस्तीला देऊ केली, तेव्हा सभेत कोणी रागावलेसुद्धा नाही. तुळसाबाई एवढेच म्हणाल्या, "ते जमीन घेऊन आम्ही काय करू?"

अश्विनला ती देत नाही. तो विकेल आणि घेणारा तिथे बोअर मारेल. म्हणून जमीन सोबतच्या यादीतील विश्वस्तांकडे राहावी. त्यांनी कुंपण राखावे, दरवर्षी पाणी तपासावे आणि अहवाल, वाईट असला तरी, तुळसाबाईंना व त्यांच्यामागे त्यांची मुलगी मोनाली हिला द्यावा. टपालाने पाठवू नये. स्वतः जावे, आणि त्या जे बोलतील ते उभे राहून ऐकावे.

साक्षीदार: १. उन्मेष दाते २. सरिता वासनिक
(दोघांच्याही सह्या)

दौलत नत्थूजी गजभिये
(डाव्या अंगठ्याचा ठसा)
नागपूर, १२ फेब्रुवारी २०२४