अर्धा पासवर्ड माझा, अर्धा वसंताचा

१८ नोव्हेंबर २००४
साइट एक दिवस बंद म्हणजे नेमकं काय जातं, ते आज मोजलं. फोन त्रेसष्ट. जिना चढून आलेली आणि चहाला न थांबता उतरलेली कुटुंबं चार. दोन महिने चुचकारून आणलेलं एक मुलाकडचं स्थळ. आणि माझा घसा.

तुळशीचं लग्न तोंडावर, वधूवरवाल्यांची ही सुगी. आणि आमच्या पडद्यावर कुणीही नाव टाकून आत जायला गेलं की एकच ओळ: अ‍ॅक्सेस डिनाइड.

मेघना, आमची साइट सांभाळणारी, पोरांना शाळेत सोडून आली ती थेट कॉम्प्युटरला भिडली. दोन वर्षांत साइटचं कुठलंही दुखणं तिने तासात काढलंय. आज दुपार झाली.
"काका, डेटाबेस बंद असता तर निरोप वेगळा आला असता. दार जागेवर आहे. किल्ली लागत नाहीये."
"किल्ली बदलणार कोण? अर्धी माझ्याकडे, अर्धी वसंताकडे."
खरंच आहे. दर दसऱ्याला की-बोर्डला हळदकुंकू, आपट्याचं पान, आणि मग नवा पासवर्ड. पहिली चार अक्षरं मी टाकतो, वसंता, माझा भागीदार, भिंतीकडे तोंड करतो. पुढची चार तो टाकतो, मी भिंतीकडे. पडद्यावर अक्षरांऐवजी नुसत्या चांदण्या. बँकेच्या लॉकरसारखं. गंगापूर रोडवरच्या मोठमोठ्या कंपन्यांत नसेल अशी व्यवस्था! मुलीच्या बापांना हे मी छाती काढून सांगतो. म्हणून तर ते फोटो देतात.

१९ नोव्हें.
मे.ने सकाळी मुंबईच्या सर्व्हरवाल्यांना गाठलं. त्यांचं उत्तर: आमच्याकडे काही हललेलं नाही. पासवर्ड काल सकाळी बदललाय, तुमच्याच खात्यातून. जुना पासवर्ड लागत नाही त्याला. खात्यात शिरलं की झालं.
खातं कुणाच्या नावावर? वसंताच्या. इंग्रजी अर्ज-बिर्ज त्याच्याकडे, मी कधी बघितलंच नाही. नवा पासवर्ड ते फक्त त्याच्या ईमेलवर पाठवणार.

व.ला फोन. "पेठला आलोय रे, साडूकडे. सोमवारी बघू."
तो बोलत होता आणि मागे शिट्टी, मग खरखर, मग टुंईऽ. मोडेम. इंटरनेट जोडताना बोंबलतो तसा. आणि पेठच्या डोंगरात त्याच्या मोबाइलला रेंज कुठली? तो घरी होता. कॉम्प्युटरसमोर.
मी म्हटलं, "साडूला नमस्कार सांग."
टाइपिंगच्या क्लासात एका बाकावर बसत होतो आम्ही. मी रेक्झिनची पिशवी घेऊन मांडवामांडवातून बायोडाटे गोळा करायचो, तो रात्री सुवाच्य अक्षरात रजिस्टरात उतरवायचा. वीस वर्षं. आणि माझ्याशी साडूची थाप.

२० नोव्हें.
पासवर्ड परवडला, असा फोन आला आज. चौधरी गुरुजी, पेठचे. मुलगी नर्स आहे.
"अप्पा, कुठल्या दुसऱ्याच केंद्रातून माणूस बोलला. पोरीचा फोटो पाह्यला म्हणे, स्थळ पाठवू का. तिथं तर मी नाव नाय घातलं. तुम्हीच बोलला होता ना, बापाला इचारल्याबिगर फोटो हलत नाय?"
"बोललो होतो, गुरुजी."
"मग?"
मी चौकशी करतो म्हटलं. त्यांनी फोन आपटला नाही, हळूच ठेवला. तो आवाज वाईट.
दुपारी आणखी दोघांचे तसेच फोन. म्हणजे यादी बाहेर गेली. फोटोसकट. आता केंद्राला कुलूप लावायचं की प्रत्येक बापाच्या दारात जाऊन

(पुढे लिहवलं नाही.)

२२ नोव्हें.
व.च्या घरी गेलो. वहिनींनी पोहे टाकले, नेहमीसारखे. त्यांना काही ठाऊक नसावं.
मी: "साडू कसा आहे?"
तो हसला नाही. "मीच बदलला पासवर्ड. बघायचं होतं, तुझं माझ्यावाचून किती दिवस चालतं."
"लग्नसराईत?"
"मग काय आषाढात बघू? दत्तू, बोर्डावर नाव तुझं. कार्डावर तुझं. सत्कार झाला, शाल तुझ्या अंगावर. माझं नाव कुठंय? पासवर्डात! तेही चार अक्षरं, आणि कुणाला सांगायचं नाही."
हे खरं आहे. पण खरं म्हणून राग जात नाही.
"आणि यादी? गुरुजींच्या पोरीचा फोटो?"
"कसली यादी?"
सांगितलं. त्याचा घास तिथेच थांबला.
"दार लावलं मी, चोरी नाही केली. आईशप्पथ."
"तुझ्याशिवाय नेणार कोण? दोनच किल्ल्या."
"तुझ्याकडेही अर्धी आहे," म्हणाला.
उठलो. पोहे तसेच. वहिनी जिन्यापर्यंत विचारत आल्या, मीठ जास्त झालं का म्हणून.
माझ्या कानांना माणसाचं खोटं कळतं. आज शपथ घेताना त्याचा आवाज कसा होता, ते दिवसभर आठवतोय. ठरत नाही.

२३ नोव्हें.
व.ने नवा पासवर्ड मे.ला फोनवर दिला. अख्खा. दहा मिनिटांत साइट सुरू. जिन्यावर चपलांची गर्दी. मला कशात रस नाही.
मे.ला म्हटलं, "व.चं नाव कागदांवरून काढायचं. तयारी ठेव." आणि दोन किल्ल्यांचा हिशेब तिलाही ऐकवला: मी नेली नाही, म्हणजे त्याने नेली.
ती म्हणाली, "काका, चांदण्या नुसत्या पडद्यावर असतात. साइटच्या फाइलमध्ये पासवर्ड सरळ अक्षरांत असतो. दोघांचा, सलग. त्याशिवाय साइट चालतच नाही. मी दर दसऱ्यानंतर बघते. माझ्या आधीचे दोघं प्रोग्रॅमरही बघत असणार. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."
तिने फाइल उघडून दाखवली. वरून सातवी ओळ.