छातीतला चुना

३ जून
खोकला गेला, पण त्यासाठी काढलेला छातीचा फोटो मागे राहिला. मुलाने रिपोर्ट वाचून दाखवला — हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत चुना, म्हणजे कॅल्शियम, साठलाय, वयोमानानुसार. म्हणजे दुखणं ते दुखणं, वर वयही काढलं!

४ जून
चहातलं दूध बंद केलं. चुना तिथूनच येत असणार. तेवढीच बचत.

७ जून
सूनबाईंचं नवीन — आई, चिमणीला उचलत जाऊ नका, छातीवर ताण येईल. चिमणी माझी नात, अजून दोन वर्षांचीही नाही. जन्मल्यापासून माझ्या कडेवर वाढली. आता तिचं पाळणाघरात नाव घातलंय. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच गं आई."
माझं भलं! भरल्या बादल्या जिन्यावरून मीच आणते, तेव्हा कुठे जातं हे भलं?

११ जून
पाळणाघराचा पहिला दिवस. पोर माझा हात सोडेना. सुनेने एकेक बोट सोडवलं. मग मी देवापुढे बसले — तोंडात नाव त्याचं, पोटात नुसता जाळ. तशीच उठले.

१५ जून
कुणाला न सांगता, बसचे पैसे वाचवत, चालत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फोटो उजेडावर धरून एक बारीकशी पांढरी कड दाखवली, कापलेल्या नखासारखी. बस्स, एवढाच तो चुना! म्हणाले, "आजी, केस पिकतात तसंच हे. दुधाचा काही संबंध नाही. नातीला खुशाल उचला." आणि मी निघताना म्हणाले — तुमच्या सूनबाईंना हे मी रिपोर्ट आला त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं.
त्याच दिवशी!
घरापर्यंत कशी आले, देव जाणे. माझ्याच छातीचं निमित्त करून माझ्याच कडेवरचं पोर तोडलं. आज मी तोंड उघडलं असतं तर घरात कुणी जेवलं नसतं. भाजी निवडत बसले. चांगली पानं फेकली, देठं ठेवली.

१६ जून
सुनेला विचारलंच. ती रडायलाच लागली. मुलाला दूरच्या शहरात नोकरी लागलीय. चिमणीला माझ्यावाचून राहायची सवय व्हावी, म्हणून हे सगळं. पुढच्या महिन्यात जाणार.
तिघंच.