सोनेरी ठिपके

५ डिसेंबर १९५७

पोचले एकदाची! चांद्याहून मोटारीने मूल गावापर्यंत, तिथून दुसरी मोटार, मग डोंग्यातून वैनगंगा पार आणि शेवटचे चार मैल बैलगाडीत. सगळीकडे धान कापून झालं आहे, बांध्यांत नुसती धसकटं. अंगावर धुळीचा थर बसला तरी मन असं हलकं की गाडीवानालाच मी दोनदा विचारलं, अजून किती लांब?

इस्पितळ बारा खाटांचं, कौलारू, ताज्या चुन्याचं. डॉक्टर गुणवंतराव पन्नाशीचे आहेत. माझी पेटी त्यांनी स्वतः उचलून आत नेली. मला नेमलं आहे ती प्रयोगशाळा म्हणजे बाळंतखोलीला लागून एक लहानशी खोली, मधे दार. पण मायक्रोस्कोप चांगला जर्मन आहे, आणि रॉकेलच्या दिव्यावर चालणारी उबवणी पेटीसुद्धा! नागपूरला आम्ही एका मायक्रोस्कोपपाशी सहा जण रांग लावायचो. इथे मी एकटी मालकीण.

शकुबाई म्हणून इथली दाई आहे, साठीच्या घरातली. मला बघून म्हणाली, "वच्छलाबाई ना तुमी? लई वाळल्या जी. पयले जेवून घ्या." भात, लाखोळीचं वरण आणि झिंग्यांची चटणी. दोनदा वाढून घेतलं.

९ डिसेंबर

आज इथलं पहिलं बाळंतपण पाहिलं. सोमारी, एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा लटारू गावच्या तलावात मासे धरतो. तो बाहेर पायरीवर जाळं विणत बसला होता आणि आतून आवाज आला की त्याचे हात थांबत. शकुबाईच्या बोटांना जणू डोळे आहेत. मुलगा झाला. तिने बाळाला तोंडाजवळ धरलं आणि टाळूवर तीनदा फुंकर घातली. प्रत्येक बाळाला घालते म्हणे, वीस वर्षं.

मग डॉक्टरांनी आईला आणि बाळालाही पेनिसिलिन टोचलं. त्यांचा हा नेमच आहे. दुखणं यायच्या आधीच दार लावून घ्यायचं, असं ते अभिमानाने सांगतात. लटारूने मला पानात बांधून मरळ मासा दिला.

१४ डिसेंबर

सोमारीच्या बाळाच्या मानेवर आणि काखेत पिवळे फोड आले आहेत. पाण्याच्या थेंबाएवढे. सोमारीची डावी छाती दगडासारखी झाली आहे. परवाच मी फोडातला पू घेऊन रक्त घातलेल्या आगराच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या खळीच्या, बशीवर रेघा ओढल्या.

काल सकाळी बशी उघडली. इतकं सुंदर काही मी नागपूरला पाहिलं नव्हतं. गोल, चकचकीत, सोनेरी ठिपके, आणि प्रत्येकाभोवती रक्त विरघळून झालेलं स्वच्छ कडं. मायक्रोस्कोपखाली द्राक्षांचे घोस. स्टॅफिलोकॉकस. त्याच बशीत पेनिसिलिनमध्ये भिजवलेली टीपकागदाची चकती ठेवली होती. एरवी चकतीभोवती जंतू मरून मोकळी जागा पडते. इथे ठिपके चकतीला चिकटून वाढले होते.

लगेच दुसरी बशी लावली होती, आज तिच्यातही तेच.

१८ डिसेंबर

आणखी दोन बाळं. तेच फोड, त्याच बश्या. डॉक्टरांनी पेनिसिलिन दुप्पट केलं.

सोमारीचं बाळ आज दुपारी गेलं. शेवटी श्वासाबरोबर छातीत पाणी खळखळल्यासारखं होत होतं. नऊ दिवसांचं होतं. लटारूने बाळाला धोतरात गुंडाळलं आणि मला एवढंच विचारलं, "बाई, तुमाले समजलं होतं ना? मंग मले काऊन नाई सांगतलं?" मी काय सांगणार होते, की तुझ्या पोराला मारणारं मला सुंदर दिसलं?

सोमारी इथेच आहे. उद्या तिची छाती चिरून पू काढायचा आहे.

२२ डिसेंबर

चार दिवस मी एकच विचार करते आहे. हे जंतू दर अर्ध्या तासाला दुभंगतात, आणि आईकडे जे असतं ते लेकीकडे जातं. या घराण्याकडे दोन वारसे आहेत. एक पेनिसिलिन मोडून टाकण्याचा, दुसरा रक्त विरघळवण्याचा. तिन्ही बाळांत घराणं एकच. म्हणजे ते कुठल्या तरी एका माणसात मुक्कामाला आहे.

परवा सगळ्यांच्या नाकात कापसाची काडी फिरवून बश्या लावल्या. डॉक्टरांची, झाडूवाल्या पत्रूची, माझी, शकुबाईची. माझी बशी कोरी निघाली. डॉक्टरांची, पत्रूचीही. शकुबाईची बशी काठापर्यंत सोनेरी.

मी तिला समोर बसवून सांगितलं. तिने बशी जवळ ओढली. मग म्हणाली, "मले तं साधं पडसंबी नाई जी. मी फुंकर घालो तं पोर जगे म्हनून." रडली नाही. लुगड्याच्या पदराने नाक पुसलं, आणि मग त्या पदराकडे बघून तो हातातून सोडून दिला.

डॉक्टरांनी तिला संध्याकाळच्या आत घरी जायला सांगितलं. मी गप्प राहिले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

२७ डिसेंबर

भिंतींना चुना, खाटांना उकळतं पाणी. पाच दिवस नवा फोड नाही. बाळंतपणं आता मी करते. नागपूरला प्रयोगशाळेच्या आधी सुईणीचं काम शिकले होते, ते कामी आलं.

आणि आज एक मोठी गोष्ट! चौदा तारखेपासून मी ते ठिपके पेनिसिलिन नसलेल्या बशीत रोज नव्याने लावत होते. आज दोनशे ठिपके तपासले. त्यांतले सात पेनिसिलिनने मेले! ते विसरले! रक्त मात्र पूर्वीइतकंच विरघळवतात. म्हणजे दोन वारसे एका गाठोड्यात नाहीत. जहर त्यांच्या हाडीमाशी आहे, पण पेनिसिलिनची विद्या वेगळी बांधलेली आहे, आणि गरज नसली तर कुणीकुणी ती टाकून देतो. आपण उगाच टोचायचं थांबवलं तर हे घराणं हळूहळू विसरेल. मग खरी गरज असेल तेव्हा औषध चालेल.

पळत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, बशीतलं बशीत ठेवा बाई, माझ्यासमोर माणसं आहेत. दोन बाळांना टोचून बाहेर आले होते.

नागपूरच्या सरांना पत्र टाकलं. नवं एक औषध निघालं आहे म्हणतात, पाठवता येईल का.

३० डिसेंबर

पंचवीस तारखेला जन्मलेल्या मुलीच्या पाठीवर फोड.

शकुबाई जाऊन आठ दिवस झाले. ही मुलगी माझ्या हातांत जन्मली. मीच नाळ कापली, मीच पुसली.

पुन्हा सगळ्यांच्या बश्या लावल्या.

१ जानेवारी १९५८

एकच बशी सोनेरी आहे. माझी.

तीनदा नाव वाचलं. अक्षर माझंच आहे. इतके दिवस रोज त्या बश्यांवर वाकून, नाक लावून बघत होते. त्या घराण्याला दुसरं घर मी दिलं.

मला काही होत नाही. ताप नाही, पडसं नाही. शकुबाईसारखंच.

२ जानेवारी

लटारू सोमारीला भेटायला आला होता. त्याने सांगितलं, शकुबाईला गावोगाव बोलावणी येतात. नाही म्हणणं तिला जमत नाही. दोन गावांत तीन पोरं. "फोडच फोड, बाई. आता शकुबाईनं सोताच आतून कडी लावून घेतली. कोनी गेलं तं म्हन्ते, दूर राहा, मी इख आहो."

तिला घालवायला नको होतं. इथेच ठेवून सांभाळायला हवं होतं. मी हे त्या दिवशीही जाणत होते, आणि गप्प बसले.

आजपासून मी वॉर्डात जात नाही.

३ जानेवारी

नाकाखाली, वरच्या ओठावर एक पुटकुळी. सकाळी आरशात पाहिली आणि विचार करायच्या आत नखाने दाबली. नागपूरला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, नाक आणि ओठ यांमधलं काही दाबू नका, तिथलं रक्त डोळ्यामागून थेट मेंदूकडे जातं. मी शिकले होते. तरी दाबली.

४ जानेवारी

ओठ सुजला. एकशे तीन ताप. डॉक्टरांनी सुई भरली. मी म्हणाले, उपयोग नाही, तुम्हाला माहीत आहे. मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्या बश्या एकेक करून उजेडाकडे धरून पाहिल्या. चकतीला चिकटलेले ठिपके बराच वेळ बघितले. सुई ठेवून दिली.

स्वतः नागपूरला निघाले. नवं औषध घेऊनच येतो म्हणाले. मंगळवारच्या आत नाही.

५ जानेवारी

उजवा डोळा उघडत नाही. डोकं — आतून कुणी दाबतं आहे. प्रयोगशाळेचं दार आतून लावलं. सोमारी खिडकीत पेज ठेवून लांब उभी राहते. तिची जखम अजून वाहते आहे. ती पट्टी मीच बांधत होते. खाली काय आहे, मला ठाऊक आहे.

सगळ्या बश्या जंतू मारणाऱ्या कार्बोलिकमध्ये बुडवल्या. त्या सात ठेवल्या. विसरलेल्या. डॉक्टरांसाठी. नावं घातली आहेत.

६ जानेवारी, दुपार

गाडी आली. कुंता नावाची बाई, कळा देते आहे. बरोबर तिची म्हातारी सासू, तिला दिसत नाही. पत्रूला त्याच गाडीतून दाई आणायला पाठवलं — पण कोणती दाई? शकुबाई?

मी दारामागे. सोमारीला सांगते आहे. हात कोपरापर्यंत धू. पट्टीवर दुसरी पट्टी. पुन्हा धू.

तिने विचारलं, बाई, माझ्या हातालेबी थेच असन ना? — हो म्हणाले.

या इमारतीत हे काम जमेल असा एक स्वच्छ हात नाही.

अक्षर दोन दोन दिसतं. लिहिते, कारण डॉक्टरांना कळायला हवं की काय, कशाच्या मागून —

डोकं बाहेर आलं. खांदा अडकला. मी ओरडून सांगते, मांड्या पोटाकडे दाब, खाली ओढू नको. सोमारी म्हणते, जमत नाई, बाई. निळं होऊन राह्यलं.

दारावर सोमारीचे हात, पुन्हा पुन्हा.

म्हणाले, माझ्या नाकातोंडात मरण आहे, सोमारी, तुझं पोर —

"ठाऊक हाये मले," ती म्हणाली. "मेलेल्या पोराले फोड येत नाई, बाई. या तुमी."

हात कार्बोलिकमध्ये. जळतात. तोंडाला चौपदरी फडकं, त्यावर दुसरं. श्वास कोंडून धरेन. फुंकर नाही, बोलणं नाही.

उभी राहते आहे — भिंत —

कडी काढली. डॉक्टर, बाळ जगलं तर त्याला पेनिसिलिन देऊ नका. आधी वाट बघा, फोड येतात का ते, आणि आले तर नवं औषध, आणि कुंताला सांगा, माझ्या नाकात काय होतं ते —