उदयसिंगची फिरकी

४ ऑगस्ट
संघटनेचे अध्यक्ष दौलतराव यांचा फोन. एकोणीस तारखेला, फोटोग्राफी दिनाला, मंगरूळपीरला जिल्ह्यातल्या सगळ्या फोटोग्राफर आणि व्हिडिओवाल्यांचा मेळावा. दरवर्षी एका ज्येष्ठाची फिरकी घेतात. यंदा उदयसिंगची. घेणार मी! दौलतराव म्हणे, दोघांची दुकानं समोरासमोर, त्याले तुमच्यावाणी कोण वळखते? शेलूबाजारच्या माझ्या ‘पवन डिजिटल’ची अखेर दखल घेतली गेली.
संकल्प: विनोद खेळीमेळीचा ठेवायचा. कोणाचं मन दुखवायचं नाही. (उदयसिंगचं थोडं चालेल.)

५ ऑगस्ट
बायकोला सांगितलं. कौतुक शून्य. वर्षाराणी म्हणे, आवो, लग्नसराईत आपल्या अर्ध्या ऑर्डरी त्याच्याच फोनवर येतात, जरा जपून बोला.
हा गैरसमज आहे. एका तिथीला दोन लग्नं आली की उदयसिंग एकावर मला पाठवतो. म्हणजे मी त्याची अडचण सोडवतो. अल्बमवर नाव त्याचं, घाम माझा. उपकार कोणाचे कोणावर हे या घरात कोणाला कळत नाही.

११ ऑगस्ट
रिठदला बारशाची ऑर्डर. त्या घरात टीव्हीखाली ‘उदय फोटो’चा शिक्का असलेला लग्नाचा अल्बम. सहज उघडला आणि नशीबच उघडलं! हार घालताना नवरीचे डोळे मिटलेले. पंगतीत आजोबांचं डोकंच कापलेलं. आणि कळस म्हणजे आंदणाचा फोटो: कूलर, भांडी, आरशाची आलमारी, अन् आरशात खुद्द फोटोग्राफर! तोंड कॅमेऱ्यामागं, पोट पुढं.
तिन्ही फोटो मोबाइलवर घेतले. घरच्या आजी गोजराबाई म्हणे, काहून काढून राह्यला बापू? म्हटलं, अभ्यासाला. म्हणे, तू मांगंबी आला होता ना आमच्या घरी? म्हटलं, आजी, आपला चेहराच ओळखीचा आहे.

१४ ऑगस्ट
भाषण पाठ. बाथरूममध्ये दोनदा तालीम. जबरदस्त.
एक शंका. उदयसिंग तर काडीसारखा. आरशातलं पोट चांगलंच मोठं. तेव्हा जाड असेल. मग शुगरनं वाळला असेल बिचारा. हे भाषणात घ्यावं का? नको. तब्येतीवर विनोद नाही. माणसाला तत्त्वं पाहिजेत.

१९ ऑगस्ट, सकाळ
नवं जाकीट. उदयसिंगच आपल्या गाडीत नेतो म्हणे. वर सांगतो, पवन, मोकळ्या मनानं बोलजो, मी काही रागावत नाही. त्याला काय माहीत आज काय होणार!

१९ ऑगस्ट, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही.
पहिल्या फोटोला हशा. दुसऱ्याला टाळ्या. उदयसिंग पुढच्या रांगेत डोळे पुसपुसून हसत होता. मला चेव चढला. आलमारीचा फोटो भिंतीएवढ्या एलईडीवर लावला आणि म्हणालो, पाहा हा कलाकार, आंदणात पोटबी देऊन राह्यला! या पोटाचा मालक कोण, हात वर करा!
हॉल हसला. मग जरा जास्तच हसला. मागून कोणीतरी ओरडलं, पवनभाऊ, पट्टा वाचा! कॅमेऱ्याच्या गळपट्ट्यावर पिवळी अक्षरं: पवन डिजिटल. आरशात उलटी. पण फोटोग्राफरला उलटं वाचायची सवय असते. हॉलमधल्या एकूण एक माणसानं वाचलं.
मोबाइलवर ती अक्षरं मुंगीएवढी होती. त्यात माझा काय दोष?
दोष आहे. त्याच्याकडे एका तिथीला दोन लग्नं आली होती, रिठदला मीच गेलो होतो. नवरीचे डोळे, आजोबांचं डोकं, पोट, सगळं माझं.
मग उदयसिंग स्टेजवर आला. माझ्या हातातला माइक घेतला, स्वतःच्या सपाट पोटावर हात ठेवला आणि म्हणे, पोट माझंच हाय भाऊ, पट्टा तेवढा पवनचा मागून नेला होता. लोक हसून हसून खुर्चीवरून घसरले. मला वाचवायला तो एवढ्या लोकांसमोर खोटं बोलला. धरणी फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं.
परत त्याच्याच गाडीत यावं लागलं.

२० ऑगस्ट
दुकान बंद. कारण: पत्रे दुरुस्ती. (पत्र्यांना काही झालेलं नाही.)

२३ ऑगस्ट
ठरलं. माफी मागायची. सविस्तर, मुद्देसूद. उद्या.

२४ ऑगस्ट
त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं.

२७ ऑगस्ट
शटर अर्धंच उघडतो. खालून समोरच्या दुकानातले त्याचे पाय दिसतात. मला बघून तो हात करतो का, हे कळत नाही. बरंच आहे.
वर्षाराणी म्हणे, आता त्याचा फोन नाही आला तर दिवाळीनंतर काय खाचं? जेवण कमी केलं. पोटासाठी चांगलंच आहे.

३१ ऑगस्ट
तोच आला. शटर स्वतःच्या हातानं वर केलं, चहा सांगितला, स्टूल ओढून बसला. म्हणे, तुळशीच्या लग्नानंतर एका तिथीले दोन ऑर्डरी आल्या, एकावर तू जाजो.
पाठ केलेल्या माफीतला एक शब्द आठवला नाही. फक्त विचारलं, रिठदवाले तेव्हा काही बोलले नव्हते का?
म्हणे, बोलले ना, लई बोलले. नवरीचा बाप दुकानात येऊन भांडला. मी हात जोडले, अन् पोरीले न् जावयाले पुन्हा सजवून मोठा फोटो फ्रेम करून देला.
म्हटलं, मग मले काहून नाही सांगितलं?
कपातला चहा बशीत ओतत म्हणे, तू तवाच नवा कॅमेरा घेतला होता. लई खुशीत होता.
तारीख लिहून घेतली. तो जाईपर्यंत मान वर झाली नाही.